गोव्यात घरावर सोलर बसवताना: पॅनेल नंतर, बोल्ट आधी

माझा मावसभाऊ कॅनडात असतो. आम्ही मांद्र्याच्या घरावर सोलर बसवायचं ठरवलं तेव्हा त्याने हौसेने स्वतःच्या छपराचे फोटो पाठवले. पॅनेलं जवळजवळ पन्नास अंशांत उभी, खालची कड चांगली हातभर उचललेली. सोबत सल्ला: "उतार कमी ठेवू नकोस, बर्फ साचून राहतो." आमच्याकडे बर्फ दिसतो तो मासळीच्या पेटीत. तरी मी ते फोटो ठेकेदाराला दाखवले, तर त्याने माहितीपत्रकातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. "बघा बाय, ५४०० पास्कल सोसतं हे पॅनेल. काय होणार आहे त्याला?"

पुढे कळलं की तो ५४०० चा आकडा मुळात बर्फासाठीच असतो. पॅनेलवर वरून किती भार चालेल, त्याचा. चौरस मीटरला साधारण ५५० किलो. खालून उचलणाऱ्या वाऱ्यासाठी त्याच पत्रकात बहुधा दुसरा, लहान आकडा असतो: २४०० पास्कल. बर्फ वरून दाबतो, आपला वारा खालून उचलतो. बर्फाच्या मुलखात पॅनेल उभं करतात ते बर्फ घसरावा म्हणून, आणि कड उचलतात ती घसरलेल्या ढिगाला खाली जागा मिळावी म्हणून. तेच आपल्या किनाऱ्यावर केलं तर छपरावर होडीचं शीड तयार होतं.

आमच्या तीन किलोवॅटच्या सोलरने आता दोन पावसाळे काढलेत. त्यातला पहिला आम्ही चुका निस्तरण्यात घालवला. तुमचा तसा जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

१. कोटेशन मागवण्याआधी छपराखाली जा

सगळे जण छपरावर चढतात. तुम्ही आधी माळ्यावर शिरा, हातात टॉर्च आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन.

मंगळुरी कौलांचं घर असेल तर पॅनेलं धरणाऱ्या सांगाड्याचा भार वाशांवर जाणार. रिपा फक्त कौलं धरायला असतात, त्यांत काहीही ठोकू देऊ नका. प्रत्येक वाशाला दर दोन हातांवर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. किंदळीचा किंवा मत्तीचा जुना वासा असेल तर टोक आत जाणार नाही, टणक आवाज येईल. आमच्या पडवीवरच्या माडाच्या वाशांत ते बोटभर आत गेलं आणि मागोमाग वाळवीची माती सांडली. तिथेच ठरलं की पुढच्या कौलांवर काही चढवायचं नाही, मागच्या स्लॅबवरच बसवायचं.

स्लॅब असेल तर खालच्या बाजूला ओल, सुटलेलं प्लास्टर, गंजून फुगलेल्या सळ्या दिसतात का ते बघा. दिसल्या तर आधी दुरुस्ती. पॅनेलं पंचवीस वर्षांच्या हमीने येतात, आणि ती बसल्यावर त्यांच्याखालची गळती काढणं म्हणजे सगळं उतरवून पुन्हा चढवणं.

बऱ्याच घरांवर स्लॅबच्या वर पावसासाठी पत्र्याचं छप्पर असतं. तिथे पत्र्यापेक्षा त्याखालच्या लोखंडी पट्ट्या आणि खांब महत्त्वाचे. खांब स्लॅबला नुसते चार फास्टनरवर उभे असतील तर पॅनेलांसकट अख्खं छप्परच वारा धरणार.

२. जागा आणि दिशा

गोवा साधारण १५ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड आणि १० ते १५ अंश उतार पुरेसा. दहाच्या खाली जाऊ नका. पावसाचं पाणी खालच्या चौकटीशी अडतं, तिथे मातीची रेघ बसते आणि श्रावणापर्यंत तिच्यावर हिरवं शेवाळ येतं.

उत्तरेकडचाच उतार मोकळा असेल तर लगेच निराश होऊ नका. मे महिन्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. उतार हलका असेल तर उत्तरेचं नुकसान सोसण्यासारखं आहे. जुन्या कौलारू घराचा तिरपा उतार असेल तर मात्र हिवाळ्यात चांगलाच फटका बसतो.

सावली डिसेंबरात बघा. तेव्हा दुपारी बारालाही सूर्य ५० अंशांच्या आसपासच असतो आणि दक्षिणेच्या माडाची सावली मे महिन्यात जिथे येत नाही तिथे येऊन बसते. एका माडाच्या झावळीची सावली किरकोळ वाटते, पण पॅनेलं माळेत जोडलेली असतात. एकावर सावली पडली की माळेचं उत्पादन घसरतं. आणि माड छपरावर वाकलेला असेल तर सावलीहून नारळाची भीती मोठी. आमच्याकडे पाडेली आता दीड महिन्याने हमखास येतो, पूर्वी आठवण झाली की बोलवायचो.

एक किलोवॅटला सपाट गच्चीवर साधारण शंभर चौरस फूट जागा धरा. हल्लीची ५४० वॅटच्या आसपासची पॅनेलं सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडी कमी रुंद आणि २८ किलोच्या घरात असतात. तीन किलोवॅटला सहा लागतात. छपराच्या अगदी कडेपर्यंत ती नेऊ नका, कडेला आणि कोपऱ्यांना वारा सगळ्यात जास्त उचलतो. निदान दीड फूट सोडा, धुवायला माणसालाही जागा हवी.

३. कागद, आणि आजोबांच्या नावाचं मीटर

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत, म्हणजे २०२४ पासून, घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. तीन किलोवॅटला ७८,०००. पाच बसवलेत तरी तेवढंच. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो आणि आपल्याकडे तो गोवा वीज खात्याकडे जातो. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची वेगळी अट २०२४ च्या नियमबदलात काढून टाकली आहे, त्यामुळे तो टप्पा आता झटपट होतो.

जवळ ठेवा:

- अलीकडचं वीज बिल, त्यावरचा ग्राहक क्रमांक
- आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल
- बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक
- घरपट्टीची चालू पावती
- छपराचे फोटो
- सहहिस्सेदार असतील तर त्यांची लेखी ना हरकत
- घराच्या मालकीचा प्रश्न निघाला तर एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा

गोव्यात घोडं अडतं ते बिलावरच्या नावापाशी. आमचं मीटर आजेसासऱ्यांच्या नावावर होतं. ते जाऊन एकवीस वर्षं झाली, बिल नियमित भरलं जात होतं, कोणाला काही वाटलं नव्हतं. अनुदान मात्र ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतं. मेलेल्या माणसाचं खातं आणणार कुठून? नाव बदलायला सासऱ्यांच्या तिन्ही भावंडांच्या सह्या लागल्या. एक काका मुंबईत आणि एक आत्या काणकोणात, आणि दोघांचं जुन्या वाटणीवरून बोलणं नाही. सोलरचं काम पाच दिवसांत झालं, सह्यांना तीन महिने लागले. म्हणून चवथीला सगळं घराणं मूळ घरात जमतं तेव्हाच सह्या घ्या. आरतीनंतर, जेवणाआधी नको, जेवणानंतर.

नाव जुळल्यावर स्पेलिंगही जुळवा. बिल, आधार आणि पासबुक या तिन्हींत.

४. ठेकेदार निवडताना विचारायचे प्रश्न

अनुदानासाठी ठेकेदार पोर्टलवर नोंदलेलाच लागतो आणि पॅनेलं देशी सेलची, म्हणजे बाजारात ज्याला 'डीसीआर' म्हणतात तीच लागतात. पाच वर्षांची देखभाल त्याच्यावर बंधनकारक आहे, ती करारात लिहून घ्या.

कोटेशनमध्ये पॅनेलची कंपनी, इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) कंपनी ठळक अक्षरांत असते. शेवटी एक ओळ असते: "स्ट्रक्चर, जीआय, प्रमाणित." जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड. सगळी वाट लागते ती या ओळीत. तिथे पुढचं लिहून मागा: सांगाडा कापून, भोकं पाडून झाल्यावर गरम जस्तात बुडवलेला आहे का, थराची जाडी किती मायक्रॉन, बोल्ट कोणत्या प्रतीचे, पायाला रासायनिक अँकर (स्लॅबच्या भोकात रसायनाने पक्की केलेली सळी) आहेत की नुसते ठोकळे. आणि पॅनेलला खाऱ्या धुक्याची आयईसी ६१७०१ चाचणी झाल्याचा दाखला. समुद्रापासून आम्ही दीड किलोमीटरवर. वाळपईला राहात असाल तर हा दाखला एवढ्या हट्टाने मागायची गरज नाही.

ज्याला या प्रश्नांचा राग येतो त्याला चहा देऊन वाटेला लावा.

५. सांगाडा, पाया आणि बोल्ट

इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

वाऱ्याचा हिशेब घरी करता येतो. इमारतींच्या भारासाठी जे भारतीय मानक आहे त्यात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दाब मिळतो: ९१२ पास्कल, चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. एक पॅनेल २.६ चौरस मीटरचं, म्हणजे त्यावर २४० किलोचा जोर. पॅनेलचं स्वतःचं वजन २८. उंची, उतार, आजूबाजूची झाडं यांचे गुणक इंजिनियर वेगळे धरतो, पण अंदाजाला एवढं पुरे.

आता ठेकेदाराचे ठोकळे. फूटभर लांब-रुंद-उंच काँक्रीटचा ठोकळा सुमारे ६५ किलोचा. असे सहा म्हणजे ३९० किलो, सहा पॅनेलांचे १७०, सांगाड्याचे शंभरेक. सगळं मिळून साडेसहाशेच्या आसपास, आणि वारा मागतोय चौदाशेच्या वर. मी हा हिशेब बिलाच्या पाठीवर मांडून दाखवला तेव्हा "बाय, एवढं वजन उडतंय कशाला" हे वाक्य बंद झालं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं तेव्हा आमच्या वाड्यावरचे पत्रे कुठे जाऊन पडले होते ते सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून स्लॅबवर ठोकळे नुसते ठेवायचे नाहीत. स्लॅबमध्ये भोक पाडून, त्यातली धूळ फुंकून पूर्ण काढून, रासायनिक अँकरने सळी बसवायची आणि तिच्याभोवती ठोकळा ओतायचा. ठोकळा आणि स्लॅब यांच्या सांध्याला गोलाई मारून जलरोधक थर. मग नळे बंद करून गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवा आणि खालून बघा. पॅनेल चढण्याआधी. नंतर हे कोणी करत नाही.

कौलांवर बसवायचं असेल तर स्टीलचा हूक वाशाला जाड स्क्रूने बसतो आणि दोन कौलांच्या मधून बाहेर येतो. वरच्या कौलाची खालची कड ग्राइंडरने हुकापुरती घासायची, म्हणजे कौल हुकावर टेकणार नाही. टेकलं तर शाकारणीला आलेल्या माणसाचा पाय पडताच ते फुटतं. पॅनेल कौलांना समांतरच ठेवा, मध्ये चार-पाच बोटं हवा खेळेल एवढी फट. तापलेलं पॅनेल वीज कमी देतं.

पत्र्यावर स्क्रू नेहमी उंचवट्यावर मारतात, पन्हळीत कधीच नाही. आमच्या मागच्या शेडवर केबलची नळी बसवताना कोणा पोराने चार स्क्रू पन्हळीत मारले. जुलैत एका रात्री तांदळाच्या डब्यावर टप टप सुरू झालं. पाणी भलतीकडेच पडत होतं, शोधायला आठवडा गेला.

गच्ची वापरता यावी म्हणून सात-आठ फूट उंच सांगाडा करायची सध्या टूम आहे. खाली कपडे वाळतात, पापड होतात, मोह मलाही झाला होता. पण जितकं उंच तितका वारा, आणि तिरप्या आधारांशिवाय तो सांगाडा डुलतो. करायचाच तर इंजिनियरच्या सहीचा आराखडा घ्या आणि पंचायतीत आधी विचारून या.

आता गंज. जस्तात बुडवलेला आणि चंदेरी रंग मारलेला पाईप लांबून सारखाच दिसतो. थिनरचा बोळा फिरवा, रंग असेल तर बोळ्यावर येईल. पाईपच्या आत बघा, खरा बुडवलेला पाईप आतूनही राखाडी असतो, कुठे तरी जस्ताचा ओघळ गोठलेला दिसतो. जागेवर वेल्डिंग करू देऊ नका. वेल्डिंगने तिथलं जस्त जळून जातं आणि वर रंग मारला तरी दुसऱ्या पावसात तोंड उघडतं. पाईपच्या टोकांना झाकणं, खाली पाणी निघायला बारीक भोक.

बोल्टच्या डोक्यावरची अक्षरं वाचा. 'ए-टू' म्हणजे ३०४ प्रतीचं स्टेनलेस, 'ए-फोर' म्हणजे ३१६. समुद्रकाठी ए-फोर घ्या. आमच्या ठेकेदाराने दर्शनी बाजूला स्टेनलेस लावले आणि मागच्या ओळीत साधे पॉलिश केलेले. चवथीच्या आधी स्लॅबवर केशरी ओघळ दिसले. मी पाना लावून एक नट फिरवला तर त्याचे कोपरे बिस्किटासारखे भुगा होऊन हातात आले. बारा बोल्ट बदलले, खर्च झाला जेमतेम हजार रुपये. पावणेदोन लाखांची वीज त्या हजारावर टांगली होती.

स्टेनलेसची एक खोड आहे: मशीनने झपकन आवळलं की नट आट्यांत अडकून बसतो, मग पुढेही जात नाही नि मागेही येत नाही. आट्यांना ग्रीस लावून हातानेच आवळा. आवळून झाल्यावर नट आणि बोल्ट दोघांवरून ऑइलपेंटची एक आडवी रेघ ओढून ठेवा. याचं काम पुढे आहे.

६. अर्थिंग आणि वीज पडणं

तीन वेगळे खड्डे लागतात: पॅनेलांच्या बाजूचा, इन्व्हर्टरच्या बाजूचा आणि वीजरोधकाचा. वीजरोधकाची पट्टी सांगाड्याला न शिवता स्वतंत्र खाली गेली पाहिजे. पॅनेल आणि इन्व्हर्टर दोन्ही बाजूंच्या डब्यांत सर्ज, म्हणजे विजेचा अचानक उसळलेला दाब, रोखणारे एसपीडी आहेत का ते उघडून बघा. मे आणि ऑक्टोबरातला गडगडाट आठवा म्हणजे यावर पैसे वाचवायची इच्छा राहणार नाही.

आपली जमीन जांभ्याची. पावसात भिजलेली असते तेव्हा मापात अर्थिंग झकास येतं आणि उन्हाळ्यात तीच जमीन कोरडी ठणठणीत झाली की आकडा चढतो. म्हणून मोजणी एप्रिल-मे मध्ये करून घ्या, पाच ओहमच्या खाली हवी.

तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या चौकटीला थेट जोडू देऊ नका. खाऱ्या हवेत दोन धातूंची जोडी ॲल्युमिनियमला खाते. मध्ये कथिलाचा मुलामा दिलेला लग (तारेच्या टोकाला बसणारा जोड) आणि स्टेनलेसचा वॉशर.

७. इन्व्हर्टर कुठे

पश्चिमेच्या भिंतीवर नको, तिथे ऊन आणि पाऊस दोन्ही झोडपतात. पडवीत, सावलीत, डोळ्यांच्या उंचीवर. केबल जिथून आत शिरते ती छिद्रं घट्ट बंद, नाहीतर मुंग्या आणि पाली घर करतात.

आणि हे आधीच ऐकून ठेवा, कारण विकणारा सांगत नाही: लाइट गेली की साधं सोलरही बंद पडतं, कडक ऊन असलं तरी. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या घरातून शॉक बसू नये म्हणून ते मुद्दामच तसं केलेलं असतं. लाइट गेल्यावरही पंखा हवा असेल तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. आमच्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. "सूर्य आहे ना वर?" असं दर खेपेला विचारतात.

८. नेट मीटर आणि अनुदान

काम झालं की ठेकेदार पोर्टलवर फोटो आणि पॅनेलांचे क्रमांक चढवतो, वीज खात्याची माणसं बघून नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, बसवतात, मग चालू झाल्याचा दाखला येतो. त्यानंतर बँकेचा तपशील भरायचा. पॅनेलांच्या पाठीवरच्या क्रमांकांचे फोटो ती चढवण्याआधीच स्वतःच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. नंतर पाठ दिसत नाही. शेवटचा हप्ता मीटर लागेपर्यंत हातचा राखा.

पहिलं बिल आलं की वीज किती घेतली आणि किती दिली हे दोन्ही आकडे मीटरशी ताडून बघा. स्वच्छ दिवशी आमच्याकडे बारा युनिटपर्यंत होतात, आषाढातल्या काळ्या दिवशी तीनही होत नाहीत. तेव्हा घाबरून ठेकेदाराला फोन करू नका, वर्षाचा हिशेब बघा.

९. कधी बसवायचं, नंतर काय बघायचं

नोव्हेंबर ते मार्च. मे महिन्यात ठेकेदार घाईत असतात आणि पाऊस डोक्यावर असला की काँक्रीटला पाणी मारायलाही कोणी थांबत नाही.

पावसाळ्यात धुवायची गरज नाही. चवथीनंतर एकदा खालच्या कडेचं शेवाळ मऊ फडक्याने काढा, साबण-पावडर नको. हिवाळ्यात महिन्यातून दोनदा सकाळी लवकर साधं पाणी. तापल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. माकडं येत असतील तर केबली लोंबू देऊ नका, प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हाने वर्षभरात तुटतात, स्टीलच्या लावा.

आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती ऑइलपेंटची रेघ बघायची. नट सैल होऊन फिरला की रेघ तुटलेली दिसते. वर चढायलाही नको, शिडीवरून मोबाइलचा कॅमेरा झूम केला की कळतं. यंदा आमच्या दोन रेघा तुटल्या होत्या, दोन्ही नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातल्या, जिथून पाऊस येतो तिथल्याच.